हाताने घातलेले आकडे

वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये मी एका यादीची हकीकत आपणांसमोर मांडणार आहे. ह्या कथेत एक मॉडेल आहे, एक टेम्पलेट आहे, वाफेची एक टाकी आहे, आणि यादीच्या आकड्यांमध्ये सहा वर्षे अडकून पडलेला एक मनुष्य आहे. तो मनुष्य म्हणजे प्रस्तुत लेखक होय. जे घडले ते मी क्रमाने सांगेन. क्रम हाच कथेचा विषय असल्यामुळे निदान इथे तरी तो चुकू देणार नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीचा वर्ग मी पाहिला, परीक्षा पाहिली नाही. पुढे बरीच वर्षे कोल्हापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात मी टंकलेखनाचे काम केले. शेकडो वधूवरांची नावे माझ्या बोटांखालून गेली. शुद्ध लिहिणे मी तिथेच शिकलो, आणि पुस्तके वाचण्याचा नादही मला तिथेच लागला. छापखाना बंद पडल्यावर गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मला काम मिळाले. दूध तापवण्याची आणि गार करण्याची यंत्रे तिथे बनतात.

कंपनीचा दस्तऐवज विभाग म्हणजे मी, एक संगणक, एक प्रिंटर आणि काचेची एक खोली. धूळ आत येऊ नये म्हणून खोलीची मोठी खिडकी कायमची बंद केलेली आहे. तिच्या काचेतून पलीकडची चाचणी-शेड पूर्ण दिसते, मात्र तिथला आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. दरवाजा पाठीमागे आहे. त्यातून बाहेर पडून, ऑफिसला वळसा घालून शेडमध्ये पोहोचायला चांगली दोन मिनिटे लागतात. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

आमचे इंजिनिअर कोणतेही यंत्र आधी संगणकात मांडतात. त्यास मॉडेल असे म्हणतात. पडद्यावर चौकटी असतात, चौकटींना जोडणारे बाण असतात, आणि प्रत्येक चौकटीच्या पोटात त्या कामाच्या पायऱ्या ओळीने लिहिलेल्या असतात. एक बटण दाबले की हे सर्व वर्डच्या कागदावर उतरते. कागद कसा दिसावा हे टेम्पलेट नावाचा कोरा नमुना ठरवतो. तो नमुना सांभाळणे हे माझे काम.

परंतु मॉडेलमधील याद्या कागदावर उतरताना बिघडत असत. आकड्यांच्या जागी कधी काळे ठिपके येत. कधी दुसरी यादी एकपासून सुरू न होता पहिल्या यादीच्या पुढे तेरा, चौदा, पंधरा अशी धावत सुटे. मॉडेलची मोजण्याची रीत एक आणि टेम्पलेटची दुसरी. दोघांची एकदा नीट गाठ घालून द्यावी लागते, आणि ती कशी घालावी हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या महिन्याच्या अखेरीस आमचे मालक विजयसिंह साहेब दारात येऊन उभे राहिले.

"बसलं काय रं टेम्पलेट?"

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बसलं, साहेब."

"आकडं आपोआप येत्यात न्हवं?"

"आपोआप येतात, साहेब."

वास्तविक काहीही बसले नव्हते. यादीतील आपोआप येणारे सर्व आकडे पुसून, लग्नपत्रिकेत तिथी टंकावी त्याप्रमाणे मी एकेक आकडा स्वतःच्या हाताने घातला होता. कागद सुंदर दिसत होता. साहेबांनी तो हातात घेऊन खालीवर पाहिला आणि माझी नोकरी पक्की केली.

येथून माझा तुरुंगवास सुरू झाला. इंजिनिअरांनी मॉडेलमध्ये एक शब्द बदलला तरी संपूर्ण कागद नव्याने उतरे आणि माझे सर्व आकडे नाहीसे होत. मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू याद्या तीनशे चाळीस झाल्या. मी रजेवर असताना दुसऱ्या कोणी ते बटण दाबले असते, तर माझे असत्य एका क्षणात उघडे पडले असते. म्हणून सहा वर्षांत मी लागोपाठ दोन दिवस कधी रजा घेतली नाही. तापातही कामावर गेलो. साहेब नव्या लोकांना माझे उदाहरण देत, आणि मी मान खाली घालून ते ऐकत असे.

माझी थोरली बहीण कोडोलीस दिली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. गावच्या यात्रेला तिचा दरवर्षी फोन येई.

"आकाराम, औंदा तरी येतोयास का न्हाय?"

"आक्का, काम आहे गं."

"काम सगळ्यास्नी हाय की! कलेक्टर बी सुट्टी घेतोय. तू कंपनीत जन्मठेप भोगायला लागलाईस काय?"

"तसं नव्हे..."

"मग कसं? तुझी भाची नंदिनी इचारत हुती, मामा दिसतोय कसा म्हणून. फोटू धाडून दे, भिताडाला लावतो."

तिला खरे सांगावे असे पुष्कळदा मनात येई. परंतु जे बहिणीला सांगितले ते दुसऱ्या दिवशी सर्व गावाला ठाऊक होते, ह्या भीतीने मी हसण्यावारी नेत असे.

आता चाचणी-शेडविषयी सांगणे आवश्यक आहे. यंत्राच्या टाकीत वाफ सोडून तिची परीक्षा तिथे होते. ह्या कामाला दोन माणसे लागतात. खाली पॅनेलपाशी विश्वजित नावाचा फिटर उभा असतो. भिंतीवरच्या यादीतील पायऱ्या वाचून तो खटके चालवतो. वर लोखंडी मचाणावर तानाबाई असतात. टाकीचे झाकण बंद करणे आणि उघडणे हे त्यांचे काम. वाफेचा आवाज एवढा असतो की हाका मारून उपयोग नाही. त्यासाठी बोटांची रीत पडलेली आहे. विश्वजित पायरीचा आकडा बोटांनी वर करून दाखवतो. एक पंजा आणि एक बोट म्हणजे सहा, झाकण घट्ट करणे. दोन्ही पंजे आणि एक बोट म्हणजे अकरा, झाकण उघडणे. मधल्या आकड्यांशी तानाबाईंना कर्तव्य नसते. त्यांना अक्षरओळख नाही, परंतु हे दोन आकडे चौदा वर्षे त्यांच्या हातांत मुरलेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरांनी तिसऱ्या पायरीनंतर गाळणी धुण्याची एक नवी पायरी घातली. कागदावर पुढचे सर्व आकडे एकेकाने सरकले. त्याच दिवशी दुपारी तानाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अवं आकारामभाऊ, त्यो इस्वजित म्हणतोय, आता अकराला उघडायचं न्हाय, बाराला उघडायचं. आनि सहाचं सात झालंय. खरं हाय व्हय?"

"हो, मावशी. एक पायरी वाढली आहे."

"पायरी तुमी वाढवा, धा वाढवा. माजं सहा आनि अकरा तेवढं ठेवा. बोटं बघितली की हात आपसूक जातोय माजा. डोसक्याला इचारत बसत न्हाय."

मला त्यांचे म्हणणे पटले. आकडे हातानेच घालायचे असल्यामुळे ते माझ्या अधिकारातही होते. नव्या पायरीस मी 'तीन-अ' असा आकडा दिला आणि पुढचे सर्व पूर्ववत ठेवले. मॉडेलमध्ये तीच पायरी चार होती, माझ्या कागदावर ती तीन-अ झाली. तानाबाईंनी दुसऱ्या दिवशी घरच्या गुळाची ढेप आणून दिली. मला धन्यता वाटली. माझ्या असत्याचा कोणाला तरी उपयोग झाला, असे मी मनास समजावले.

ह्या वर्षी भैरवी मॅडम कंपनीत आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, स्वभावाने मनमिळाऊ, आणि मॉडेलच्या कामात अतिशय तरबेज. त्याच सुमारास एका मोठ्या गिऱ्हाईकाने कळवले की, आमची माणसे येऊन तुमची कागदपत्रे प्रत्यक्ष पाहतील. मॉडेलमधून कागद थेट निघाला पाहिजे, मध्ये कोणाचा हात लागता कामा नये.

भैरवी मॅडम माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी टेम्पलेट उघडले आणि एका यादीतला आकडा निवडून पाहिला.

"काका, यादीची शैली कुठं आहे ह्यात?"

"आहे की."

"हे आकडे तर साधा मजकूर दिसताहेत. साहेब म्हणाले, सहा वर्षांपूर्वीच बसवलंय तुम्ही."

"मागच्या वेळी संगणक बदलला, त्यात काहीतरी गेले असेल."

वाचकहो, एका असत्यासाठी मनुष्य किती सहजपणे दुसरे बोलतो! त्या बिचाऱ्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला. "असू दे, मी करते," असे म्हणून त्यांनी टेम्पलेटमध्ये यादीची एकच शैली तयार केली, मॉडेलमधल्या यादीशी तिची गाठ घातली, आणि प्रत्येक यादी नव्याने एकपासून सुरू होईल अशी व्यवस्था केली. ह्या सर्वाला त्यांना चहाच्या दोन कपांएवढा वेळ लागला. बटण दाबताच तीनशे चाळीस याद्या सैनिकांप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. सहा वर्षे मी जे केले ते माझ्या डोळ्यांसमोर निरर्थक झाले, आणि तरीसुद्धा मला सुटका वाटली नाही. कारण चाचणीच्या यादीत तीन-अ राहिले नव्हते. झाकण बंद करण्याची पायरी सातवर गेली होती. अकरावर आता 'दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबणे' होते. झाकण उघडणे बारावर गेले होते.

मी चाचरत विचारले, "मॅडम, ह्या एका यादीत तीन-अ ठेवता येईल काय?"

"तीन-अ? मॉडेल तसं मोजत नाही काका. आणि कशाला हवंय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला मागचे सर्वच सांगावे लागले असते. हाताने आकडे घालणारा मनुष्य, आपोआप येतात असे सांगणारा मनुष्य, नववी पास मनुष्य. चाळिशी उलटलेल्या अशा मनुष्यास दुसरीकडे कोण ठेवून घेईल? मी म्हणालो, "काही नाही. सहज विचारले."

पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. मी मधला मार्ग काढला. जेवणाच्या सुट्टीत तानाबाईंना गाठून सांगितले की, मावशी, उद्यापासून बंद सातला आणि उघडणे बाराला.

भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्या माझ्याकडे पाहू लागल्या. "आता पुन्ना? तुमीच तर ठेवलं हुतं की."

"वरून बदलले आहे."

"वर कोन बसलंय? वर मचानावर तर मीच असतो!" शेजारच्या बायका हसल्या. तानाबाई मात्र बोटांवर मोजत पुटपुटू लागल्या, "दोन पंजं, दोन बोटं. दोन पंजं, दोन बोटं. बगू. हातानं ऐकलं म्हंजे मिळवलं."

विश्वजितला मी काही बोललो नाही. तो कारण विचारेल आणि साहेबांपर्यंत जाईल, ही भीती. तानाबाईंना सांगितले म्हणजे माझे कर्तव्य झाले, असे मी त्या संध्याकाळी स्वतःस बजावून घरी गेलो. घरीही जेवताना माझी बोटे ताटाजवळ आपोआप मोजत होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाहुणे आले. माझ्याच खोलीत, माझ्याच संगणकावर भैरवी मॅडमनी सर्वांदेखत बटण दाबले. कागद निघाला. पाहुण्यांनी समाधानाने माना डोलावल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "हे सगळं ह्या आमच्या आकारामनं बसवलेलं हाय. सहा वर्षं एक दिवस खाडा न्हाय." त्या हाताचे ओझे मला सहन होईना. मग चाचणीची नवी यादी घेऊन सर्व मंडळी शेडकडे गेली. मी खोलीत एकटा राहिलो.

काचेतून मी पाहत होतो. पॅनेल माझ्या खिडकीच्या अगदी खाली आहे, त्यामुळे विश्वजितची पाठ मला दिसत होती. मचाणावर तानाबाई समोर उभ्या होत्या. त्यांचे तोंड माझ्याकडे होते, पण नजर विश्वजितच्या हातांवर. पहिल्या पायऱ्या सुरळीत झाल्या. विश्वजितने सहा दाखवले. नव्या यादीत ते दुसऱ्याच कामाचे होते, परंतु तानाबाईंनी झाकण घट्ट करून टाकले. एक पायरी आधी. त्यात धोका नव्हता, आणि विश्वजितचे डोळे नव्या यादीत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्या मात्र आले. हाताने ऐकले नव्हते.

आता पाच पायऱ्या उरल्या होत्या. मी दाराकडे वळलो आणि थांबलो. दोन मिनिटांत तिथे पोहोचून काय सांगणार? पाहुण्यांसमोर, साहेबांसमोर? कदाचित तानाबाईंना तोवर आठवेल. कदाचित विश्वजितच्या ध्यानात येईल. असे विचार करीत मी त्या चार भिंतींत उभा राहिलो, आणि बाहेर पडायचा वेळ माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला. टाकीत वाफ भरली. नऊ झाले. दहा झाले. वाफ बंद झाली, परंतु दाबाचा काटा अजून वर होता.

विश्वजितने दोन्ही पंजे वर केले. मग एक बोट.

तानाबाईंचा हात झाकणाच्या मुठीकडे गेला.

मी काचेवर मुठी आपटल्या. "मावशी! मावशी!" असे ओरडलो. माझा आवाज मलाच परत आला. त्या क्षणी मला एवढेच सुचले की, ह्या बाईला माझी भाषा ऐकू जात नाही, पण तिला दोन आकडे समजतात. मी टेबलावर चढलो. प्रिंटर खाली पडला. विश्वजितच्या डोक्यावरून दिसतील असे दोन्ही हात मी वर केले. उजवा पंजा पूर्ण उघडा आणि डाव्याचे एकच बोट. सहा. तोच आकडा मी काचेवर पुनःपुन्हा आपटत राहिलो. सहा. सहा. सहा.

तानाबाईंची नजर वर आली. त्यांनी मला पाहिले. मूठ सोडवायला गेलेला हात जागीच फिरला आणि त्यांनी संपूर्ण अंगाचा भार देऊन झाकण आणखी आवळले.

काटा शून्यावर आला. विश्वजितने बारा दाखवले. तानाबाईंनी माझ्याकडे पाहून, मी मान हलवल्यावर, झाकण उघडले. थोडी वाफ निघून वर पत्र्याकडे गेली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांपैकी एकाचे लक्ष मात्र काचेकडे गेले होते, आणि त्याने साहेबांना कोपराने खुणावले.

पाहुणे चहाला बसल्यावर साहेब खोलीत आले. मागोमाग भैरवी मॅडम आणि विश्वजित.

"टेबलावर चढून काय नाच लावलातास रं? पावणं इचारत्यात, ह्यो कोन म्हणून. मी सांगितलं, बल्ब बदलत हुता. व्हय न्हवं?"

साहेबांनी स्वतःच्या हाताने मला पळवाट काढून दिली होती. "हो साहेब, बल्ब," एवढे म्हटले असते तर सर्व काही पूर्ववत चालले असते. मी खाली पडलेल्या प्रिंटरकडे पाहिले.

"बसलं नव्हतं, साहेब."

"काय बसलं नव्हतं?"

"टेम्पलेट. सहा वर्षे. आकडे मी हाताने घालत होतो. काल मॅडमनी ते पहिल्यांदा बसवले." मग तीन-अ, सहा आणि अकरा हे सर्व मी सांगून टाकले.

विश्वजित पुढे आला. "म्हंजे मी अकरा दाखवलं, तवा त्या झाकण उघडणार हुत्या? आरं, मग मला का न्हाय बोललास आकारामदादा?"

"भ्यालो."

"माझ्या तोंडावर," साहेब सावकाश म्हणाले, "सहा वर्षं. बसलं, बसलं, बसलं."

एवढ्यात तानाबाई दारात आल्या. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "सायेब, काय बोलायचं ते मागनं बोला. ह्यो बाबा वर चढला नसता तर माज्या तोंडाची भाकरी झाली असती. आनि चूक माजी बी हाय. दोन पंजं, दोन बोटं म्हणून रातभर घोकलं, आनि येळंला हात गेला तिकडंच."

मग भैरवी मॅडम हळूच म्हणाल्या, "साहेब, चूक माझीही आहे. काका तीन-अ मागत होते, मी कारण नीट ऐकून घेतलं नाही. ह्याला उपाय आहे. मॉडेलला मोजूच द्यायचं नाही. प्रत्येक पायरीला नावासारखा तिचा स्वतःचा आकडा मॉडेलमध्येच द्यायचा, आणि टेम्पलेटनं तोच छापायचा. मग नवी पायरी आली तरी जुनीचा आकडा हलत नाही. सहा ते सहाच."

"आनि तीनशे चाळीस याद्यांत एकेक पायरीला असा आकडा कोन भरनार?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"हातानंच भरायचं हाय न्हवं?" साहेब म्हणाले. "त्यात ह्याचा हात कोन धरनार न्हाय. आकाराम, चाचणीची यादी आज. बाकीच्या संपंपर्यंत रजेचं नाव काढायचं न्हाय. आनि पुन्ना मला 'बसलं' म्हनायचं न्हाय. बसलं का न्हाय ते मॅडम सांगतील."

माझी नोकरी राहिली. त्या आठवड्यात कोडोलीची यात्रा होती. आक्काचा फोन आला तेव्हा मी तिला प्रथमच सर्व खरे सांगितले. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे आदी खोटं बोलून अडाकला हुतास, आता खरं बोलून अडाकलास. फोटू तेवढा धाड." तिने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. भैरवी मॅडमनी आवाज दिल्यावर मला ठेवावा लागला.

हे लिहीत असताना दोनशे अकरा याद्या झाल्या आहेत. खिडकी बंद आहे, आणि उघडणार नाही. संध्याकाळी पाळी सुटली की तानाबाई घरी जाताना काचेसमोर क्षणभर थांबतात. दोन्ही पंजे वर करतात, मग एक बोट. उघडा आता, घरी चला. मी खुर्चीवरून एक पंजा आणि एक बोट वर करतो. त्या हसतात, पिशवी काखेत मारतात आणि फाटकाकडे निघून जातात. मग मी पुढच्या यादीला हात घालतो.

येथवर आपण ही हकीकत सबुरीने वाचलीत, आपला बहुमोल वेळ एका साध्या यादीसाठी दिलात, ह्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास ते माझ्या अपुऱ्या शिक्षणाच्या माथी मारावे.

आपला नम्र,
आकाराम ज्ञानू चौगुले